लाल आकडा

पाच वर्षांच्या रेवतीच्या मनगटावरचा धूळमापक लाल झाला, आणि नियमाप्रमाणे तिची रवानगी डोंगरावरच्या स्वच्छ वसाहतीत ठरली. तिथे फक्त लाल आकडेवाल्यांनाच घेत. तिच्या आईचा, सुगंधाचा, आकडा अजून हिरवाच होता.

सुगंधा तीन दिवस खडीच्या क्रशरपाशी तोंडावरचा पदर काढून उभी राहिली. खोकून खोकून जीव नकोसा झाला. चौथ्या दिवशी ती धापा टाकत रेवतीला वसाहतीत नेणाऱ्या गाडीपाशी पोहोचली.

"साहेब, आता मलाही घ्या!"

तपासनिसाने आकडा दोनदा वाचला. "बाई, तुमचा लालच्याही पुढे गेलाय. तुम्हाला इस्पितळाच्या गाडीतून जावं लागेल."

"अहो, पण पोर एकटीय माझी!"

गाडी सुटली. खिडकीतून रेवती शेजारची जागा थोपटत आईला बोलावत होती.