दहाचं की विसाचं

"विसाचंच द्या," तो म्हणाला आणि उगाच खोकला. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला होता.

"दहाचं पुरे," बायको म्हणाली.

दुकानदार दोघांच्या मधे उभा होता. चौदा फुटी ॲल्युमिनियमची होडी कधीच ठरली होती, तिच्यावरून वाद नव्हता. हलकी, दोघांना मिळून किनाऱ्यावर ओढता येईल अशी. गाडं अडलं होतं इंजिनावर. दहा हॉर्सपॉवरचं घ्यायचं की वीस हॉर्सपॉवरचं? होडीच्या आतल्या पट्टीवर पंचविसापर्यंत चालेल असं कोरलं होतं. दुकानदारानं ते बोटानं दाखवलं तेव्हा तो खाली वाकला आणि मान पुरती वळवून डावा डोळा पट्टीजवळ नेला. मग मान अवघडल्याचं सोंग करून ती चोळत राहिला.

उजव्या डोळ्यानं त्याला दिसत नव्हतं. हळूहळू अंधुक होत होत तो डोळा मिटल्यातच जमा झाला होता. हे त्यानं कुणालाही कळू दिलं नव्हतं. मासेमारीची जुनी लाकडी होडी उजव्या अंगानं धक्क्यावर आपटून फुटली, तेव्हाही त्यानं घरी येऊन सगळं खापर लाटेवर फोडलं होतं. सांगणार तरी कसं? मेहुणा बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. "दाजी, आमच्या फाटकावर माणूस हवाय. बसून काम आहे," हे त्याचं प्रत्येक भेटीतलं पालुपद. डोळ्याचं बायकोच्या कानावर गेलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी त्याची रवानगी त्या फाटकावर झाली असती. एक खुर्ची, एक शिट्टी आणि समोर नुसता रस्ता. तिथे आपण फार दिवस काढणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून विसाचं. मोठं इंजिन मागणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची चौकशी कोण करतं?

"असं करू," दुकानदार म्हणाला. "धक्क्यावरच्या होडीला विसाचं लावलेलंच आहे. काका, एक फेरी मारून बघा."

तो घाईघाईनं म्हणाला, "त्यात काय बघायचं? सगळी इंजिनं सारखीच."

"तरी पण. गिऱ्हाइकानं स्वतः चालवून बघितल्याशिवाय मी इंजिन देत नाही. मागाहून कुरकुर नको."

आता मागे सरणं म्हणजे आपण होऊन कबुली देण्यासारखंच होतं. तो होडीत उतरला आणि मागे इंजिनाच्या दांड्यापाशी बसला. दुकानदार पुढे टोकाला. बायको त्याच्या उजव्या हाताला. जुन्या होडीवरचा गडी काम सोडून गेल्यापासून ती त्याच्याबरोबर यायची आणि हटकून तिथेच बसायची.

पाण्यात दुतर्फा लाल पिंपं तरंगत ठेवली होती. त्यांच्यामधून जायचं होतं. डावीकडची त्याला लख्ख दिसत होती. उजवीकडे काहीच नव्हतं. त्यानं दांड्यावरची वेगाची मूठ जेमतेम पिळली.

होडी सुटली तशी बायकोच्या तोंडाची टकळीही सुटली. "कशाला हो एवढी पिंपं सोडलीत पाण्यात? हे बघा, हे तर अगदी हाताशी आलं. रंगसुद्धा उडालाय मेल्याचा. गेलं एकदाचं मागे! आता ही दोरी कुणी टाकली इथे? कुणाच्या तरी जाळ्याची असेल. माणसांना काही रीतच राहिली नाही."

दुकानदार हसला. "काकूंचा रेडिओ जोरात आहे!"

"पूर्वी एवढी बोलत नव्हती," तो वैतागून म्हणाला. "वय झालं, दुसरं काय."

होडी मात्र पिंपांच्या बरोबर मधून चालली होती. एक वळण गेलं, दुसरं गेलं. त्याचा जीव भांड्यात पडला. जमतंय की! एका डोळ्यानंही जमतंय.

"आता पिळा पूर्ण," दुकानदार ओरडला.

त्यानं पिळली. होडीचं नाक वर उठलं. इंजिनाच्या गर्जनेपुढे दुसरं काही ऐकू येईना. निदान ही बडबड तरी थांबली, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात बायकोनं त्याचा दंड घट्ट धरला, आणि त्याच क्षणी उजवीकडे धाडकन आवाज झाला. एक पिंप पत्र्याला घासत मागे गेलं. त्यानं मूठ सोडून दिली. होडी जागच्या जागी डुलायला लागली.

"वारा," तो म्हणाला. "वाऱ्यानं ओढली."

दुकानदारानं पाण्याकडे पाहिलं. पाणी ताटात ओतल्यासारखं निवांत होतं. "होतं असं," तो म्हणाला. "नवीन इंजिन पटकन हातात बसत नाही."

परत येताना त्याला काही सुचत नव्हतं. झालं, संपलं सगळं. आता ही विचारणार, आपण खोटं बोलणार, आणि ते हिला कळणार. धक्क्याला लागल्यावर दुकानदार ओरखडा बघायला वाकला आणि म्हणाला, "पत्र्याला काही झालं नाही. आतून कापड घेऊन येतो. तोवर तुमचं काय ते ठरवा."

ते दोघेच राहिले. बायको दोर बांधत होती. काहीच विचारत नव्हती.

"विसाचंच घेऊ या ना," तो चाचरत म्हणाला. "वेगाला घाबरलीस होय?"

"वेगाला कशाला घाबरू?" तिनं गाठ आवळली आणि आवाज अगदी खाली आणला. "पण विसाच्या आवाजात मी उजवीकडचं सांगते ते तुम्हाला ऐकू येत नाही हो."