आर्डिथची चाळणी

"तुमच्या रक्तात शिसं सापडलंय, व्हर्लिन. दिवसभर करता काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शिकारीत झाडलेली रिकामी पितळी काडतुसं अक्रोडाच्या भुशात घोळवून चकचकीत करतो, मग त्यात पुन्हा दारू आणि गोळी भरतो."

"काडतुसांवरचं शिसं त्या भुशातच उतरतं. भुसा चाळता कशानं?"

"बायकोच्या चाळणीनं. ओरडायची, 'माझी चाळणी परत पळवलीस, चोरा?' मग नळाखाली धरायचो आणि जागेवर टांगायचो."

"उद्या त्यांनाही तपासायला घेऊन या."

व्हर्लिननं हातातली टोपी डोक्यावर चढवली. बायकोला, आर्डिथला, पुरून चार महिने झाले होते. तिच्या पोटदुखीचं कारण कुणालाच सापडलं नव्हतं. शेवटी तिला घट्ट काही पचेनासं झालं, तेव्हा तो रोज सूप करायचा आणि त्याच चाळणीतून गाळून तिला भरवायचा.