साडेचार बाय पाच

"साडेचार फूट बाय पाच," चारुलतानं वाचलं आणि पडद्यावरच्या आठही नाचणाऱ्यांनी आपापल्या पायांखाली बघितलं. एवढ्या जागेत फार तर देव्हारा बसतो. जॅझ नाच बसत नाही.

हैदराबादेत हिमायतनगरला मिठाईच्या दुकानावर तिच्या नृत्यकंपनीचा हॉल होता. लॉकडाऊनमुळे मार्चपासून त्याला कुलूप. सात महिने सगळे घरात वजन वाढवत बसले असताना एका महोत्सवाचं बोलावणं आलं. आपापल्या घरून, एकाच वेळी, ऑनलाइन, बारा मिनिटं. चारुलता दिवसभर घरात गिरक्या घेत होती. मग तिनं नियम काढला. हॉलमध्ये पुढची रांग असते, मागची असते. पडद्यावर सगळ्यांच्या चौकटी सारख्या, तर पायाखालची जमीनही सारखी. प्रत्येकानं घरातली मोकळी जागा मोजून ऑनलाइन फॉर्ममध्ये कळवायची. कमीपणा वाटू नये म्हणून नाव लिहायचं नाही. सगळ्यांत लहान माप येईल ते सगळ्यांचं. मागे काळी चादर टांगायची, म्हणजे कुणाचं घर दिसायला नको.

नाव नव्हतं, पण वजाबाकी सगळ्यांनाच येत होती. युवराजचा जुबिली हिल्सला बंगला. तेजश्री जानेवारीत लग्न होऊन कुकटपल्लीच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये गेलेली. बाकीच्यांचंही बरं चाललेलं. उरला अमरदीप. अंबरपेठेत एका खोलीत आई, वडील, बहीण आणि तो. दिवसा लोकांच्या घरची मशीनं दुरुस्त करायचा, आणि हॉलमध्ये नऊ वर्षं मागच्या रांगेत डाव्या कोपऱ्यात नाचायचा. मोठ्यानं कुणी काही बोललं नाही. सगळे त्याच्याशी एकदम गोड वागायला लागले, त्यावरून काय ते कळलं.

वाईट वाटलं ते तेजश्रीचं. ती पुढच्या रांगेतली पहिली. तिची उडी हॉलच्या या भिंतीपासून निघायची ती त्या भिंतीपाशी उतरायची. आता ती उडी ठेवायची कुठं? "चालेल की," एवढंच ती म्हणाली. ग्रुपवर तिच्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. सात माणसांनी मिळून बावीस लाल बदाम पाठवले.

जमिनीवर रंगीत टेपची चौकट चिकटवून तालीम सुरू झाली. पहिला आठवडा पाय टेपच्या बाहेर पडण्यात गेला. मग काहीतरी जमलं. पुढे जाणारी उडी वर जायला लागली. पाय लांबवता येईना, तसा सगळा जोर खांद्यात, बरगड्यांत, मनगटात शिरला. आठ चौकटींत आठ माणसं उकळत्या पातेल्यावरच्या झाकणांसारखी थडथडत होती. चारुलता खुर्चीवर बसेनाशी झाली. तेजश्रीकडून कायम घरघर ऐकू यायची, तेव्हा ती नेटवाल्याला शिव्या घालायची. अमरदीपकडून कबुतरं ऐकू यायची. खोलीत भाडेकरू ठेवलेत काय, असं युवराजनं विचारून घेतलं.

आठ दिवस उरले तेव्हा युवराजनं तोडगा आणला. अमरदीपचा आवाज चांगला आहे, त्यानं निवेदन करावं. मग बाकीच्यांना दहा बाय दहा मिळेल आणि तेजश्रीची उडी जगाला दिसेल. हे सगळं तो अमरदीपच्या भल्यासाठीच सांगत होता. चारुलता नाही म्हणाली नाही. उडी तिलाही हवी होती.

अमरदीपनं घाम पुसला. "ताई, मला काढायचं तर काढा. पण चौकट साडेचार बाय पाचच ठेवा."

"निकालो भी बोलता, डब्बा भी रखो बोलता," युवराजनं हसत त्याला वेड्यात काढलं. "हौला है क्या रे?"

तेजश्रीच्या चौकटीत काही हललं नाही. तिकडची घरघर तेवढी थांबली.

चारुलताला स्वतःचीच लाज वाटली. हा पोरगा स्वतःच्या जागेचा मान मागतोय आणि आपण गप्प बसलोय. चौकटही राहील आणि तूही राहशील, तिनं सांगून टाकलं. वर नाचाची सुरुवातही त्यालाच दिली.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता चारशे बारा लोक बघत होते. बारा मिनिटं कुणी जागचं हललं नसावं. शेवटच्या ठोक्याला आठही जण एकदम हवेत गेले, टेपच्या आत उतरले, आणि पडद्यावर टाळ्यांचा पाऊस पडला. महोत्सवाचा निवेदक पडद्यावर आला. एवढ्याशा जागेत नाचलात ती घरं तरी दाखवा, तो म्हणाला. चारुलता आनंदात नियम विसरली. "काढा रे चादरी!"

अमरदीपनं पहिली ओढली. मागे गच्ची निघाली. पाण्याच्या टाक्या, कबुतरं, आणि पलीकडे पसरलेलं अख्खं अंबरपेठ. गच्ची तीस बाय चाळीस तरी असेल.

"मी हीच कळवली होती," तो म्हणाला.

सगळ्यांनी नव्यानं वजाबाकी केली. एकेक चादर उतरत गेली. सोफा दिसला, झोपाळा दिसला, युवराजचं झुंबर दिसलं. एकच चादर राहिली. चारुलताला एकदम ती घरघर आठवली, आणि ती कशाची हे मशीनं दुरुस्त करणाऱ्याला पहिल्या दिवशीच कळलं असेल तेही.

तेजश्रीनं चादर ओढली. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला बादल्या, डोक्यावर वाळत घातलेले सासऱ्यांचे बनियन, आणि खाली टेपची चौकट. लग्नानंतर घरच्यांना नाच चालतो का, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. तीन बेडरूममध्ये कुठंतरी मावत असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

तेवढ्यात तिच्या मागचं दार वाजलं. माइक चालू होता. चारशे बारा जणांनी ऐकलं.

"सूनबाई, मशीन थांबून अर्धा तास झाला. आत एवढं करतेस तरी काय?"

तेजश्रीचा हात सवयीनं मशीनच्या बटणाकडे गेला. तिथवर जाऊन परत आला.

"नाचतेय, आई."