फायनलचा तो बॉल

भाताच्या तणसाचा ढीग रचत असलेल्या निकेशने हेमराजला बांधावरून येताना पाहिलं आणि तो खाली उतरला. फायनल हरल्याला नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत टीममधलं कोणी त्याच्या शेताकडे फिरकलं नव्हतं.

पोंभुर्ण्याची फुटबॉल टीम पहिल्यांदाच चंद्रपूरच्या फायनलपर्यंत पोचली होती. मॅच पाहायला गावातून दोन ट्रक भरून माणसं गेली होती. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. मग एक उंच बॉल आला. सोपा, रोजच्या सरावातला. गोलकीपर निकेश तो धरायला पुढे धावला आणि मधेच थांबला. बॉल टप्पा घेऊन त्याच्या डोक्यावरून जाळ्यात गेला.

गावी परतल्यावर चौकात तोंडं सुटली. कोणी म्हणालं घाबरला, कोणी म्हणालं पैसे खाल्ले. धरता धरता थांबला काऊन, हेच जो तो विचारत होता. निकेशने कोणालाच उत्तर दिलं नाही. त्याची आई वच्छलाबाई तेव्हापासून सार्वजनिक नळावर जायची बंद झाली.

हेमराज कॅप्टन. निरोप त्यालाच द्यावा लागणार होता. अहेरीचा एक पोरगा गोलकीपर म्हणून येतो म्हणाला आहे, तू आता आराम कर, असं त्याने जमिनीकडे पाहत एका दमात सांगून टाकलं.

निकेश रागावला नाही. गळ्यातल्या दुपट्ट्याने त्याने घाम पुसला, हेमराजला प्यायला पाणी दिलं. पोरगा उंचीला कसा आहे, तेवढं विचारलं. चांगला उंच आहे, असं म्हणून हेमराज निघाला.

"त्याले एक गोष्ट सांगजो," निकेश मागून म्हणाला. "आपलाच माणूस 'सोड, मी घेतो' म्हणून ओरडला, तरी बॉल सोडू नको म्हणा."

हेमराजचं पाऊल पुढे पडेना. एवढ्या गलक्यात तो आवाज निकेशपर्यंत पोचलाच नसेल, अशी त्याने नऊ दिवस स्वतःची समजूत घातली होती.

"मंग तू कोणाले सांगितलं काऊन नाई?"

"सांगून कप येणार होता का? एकाचं नाव खराब झालं, तेवढं पुरे."

निकेश पुन्हा ढिगावर चढला आणि कामाला लागला.

हेमराज घरी गेला नाही. तसाच मैदानावर गेला. सगळी पोरं सरावासाठी जमली होती. ज्यांनी ही टीम उभी केली ते भैयाजीही आले होते. निकेश काय म्हणाला, वाईट तर वाटलं नाही ना त्याला, असं त्यांनी विचारलं. पोरं जवळ सरकली.

"तो काही म्हणला नाई, भाऊ," हेमराज म्हणाला. "सोड म्हणून मी ओरडलो होतो."