खालचे दोन, वरचे पाच

“बाबा, हे सगळं तुम्ही उलटं केलंत,” सून म्हणाली आणि मोठ्याने हसली.

सुट्टीवर नेण्यासाठी सासऱ्यांनी काढलेले कपडे पलंगावर होते : काळ्या, करड्या आणि गडद निळ्या विजारींचा एक ढीग, आणि त्याच्या शेजारी जेमतेम दोन सदरे. घरातल्या बाकी तिघांच्या बॅगा बाहेरच्या खोलीत तयार होत्या. त्या तिने स्वतः भरल्या होत्या. कपड्यांच्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना सजवण्याचे काम ती करीत असे, आणि मोजक्या कपड्यांतून रोज नवा वेश उभा करणे तिच्याइतके तिथे कोणालाही साधत नसे. माणशी खालचे दोन, वरचे पाच; रंग असे, की कोणताही वरचा कोणत्याही खालच्यावर शोभावा; आणि समुद्रावर सगळ्यांचा एकत्र फोटो निघायचा, म्हणून प्रत्येकाची एक जोडी पांढरी-बदामी. सासऱ्यांसाठीही तिने बदामी विजार आणली होती. ती पलंगावर नव्हती. घडीसुद्धा न मोडता ती कपाटात परत गेली होती.

“असू दे गं,” सासरे म्हणाले. “गडद कापडावर मळ दिसत नाही.”

“आपण काय कोळशाच्या खाणीत चाललोय? आणि एवढ्या पँट कशाला? माणूस शर्ट बदलतो, बाबा. पँट कोण बघतंय?”

 वजनमापे निरीक्षक म्हणून सासऱ्यांनी उभी हयात दुकानदारांशी हुज्जत घालण्यात काढली होती, आणि त्यांना बोलण्यात हरवणे सोपे नव्हते. आज मात्र ते नुसतेच विजारींच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभे राहिले. एवढ्यावर विषय सोडून देता आला असता. सुनेने तो सोडला नाही. तिने नवऱ्याला हाक मारली.

“अहो, इकडे या जरा. बाबांची तयारी बघा.”

मुलगा आला. त्याच्या पाठोपाठ नातही आली.

“बाबा, तिथे दुकान टाकताय की काय?” मुलगा म्हणाला.

“आजोबा, दोनच शर्ट? सगळे फोटो एकाच दिवसाचे वाटतील.”

तिघेही हसली. सासरेही हसले, पण थोडे उशिरा.

“बघा, त्यांनाही पटलं,” असे म्हणत सुनेने त्यांच्या बाजूने हात घालून वरची विजार उचलली आणि पुतळ्याला चढवण्यापूर्वी झटकावी तशी सवयीने झटकली.

आतून काहीतरी जमिनीवर पडले.

जुन्या टॉवेलचा तुकडा होता तो. चौपदरी घडी घालून कडेने हाताने शिवलेला. टाके लहानमोठे होते, पण ओळ सरळ होती. दोन्ही टोकांना सेफ्टी पिना होत्या.

“हे काय, आजोबा?” नातीने वाकून तो उचलला.

“रुमाल,” सासरे म्हणाले. “घामासाठी.”

नातीने तो त्यांच्या हातात दिला आणि तिच्यापुरता विषय संपला. सुनेचे मात्र कान तापले. आपले कपडे, अंथरुणावरची चादरसुद्धा, आपणच धुण्याचा हट्ट सासऱ्यांनी अलीकडे धरला होता, आणि त्याचे कौतुक तिने चारचौघांत, त्यांच्यादेखत केले होते. कौतुक चालले असता ते प्रत्येक वेळी पाणी पिण्यासाठी उठून जात, हे तिला आता आठवले.

“मी काय म्हणतो,” सासरे म्हणाले, “तुम्ही तिघं जाऊन या. घराला कोणीतरी हवंच. मला काही समुद्राचा एवढा सोस नाही.”

“सोस नाही?” मुलगा म्हणाला. “वर्षभर समुद्र समुद्र करून माझं डोकं कोणी खाल्लं मग?”

सासरे तुकड्याची घडी आणखी लहान करीत राहिले.

“चूक माझीच आहे,” सून म्हणाली. आवाज तिला हवा तितका सहज निघाला नाही. “खारं पाणी, ओली वाळू. आधी खराब होणार ते खालचेच कपडे. सगळ्यांनी पँट जास्त घ्यायच्या. बॅगा परत उघडा.”

“मी नाही उघडणार,” नात म्हणाली. “मघाशी वर बसून चेन लावलीये.”

“परत बस. जा.”

नात पाय आपटत गेली. मुलगा दारात थांबला. “बाबांचं बरोबर होतं, तर आम्हाला हसायला कशाला बोलावलंस?”

त्याने ते थट्टेनेच विचारले होते, आणि उत्तराची वाट न पाहता तो गेलाही. सून तिथेच उभी राहिली. सासऱ्यांनी रागवावे, चार शब्द सुनवावेत, असे तिला फार वाटले. ते रागावले नाहीत. क्षमा मागायची, तर जे झाले त्याचे नाव घ्यावे लागले असते; आणि ते नाव घेण्याचा अधिकार तिचा नव्हता.

तिने त्यांची बॅग पलंगावर ओढली आणि एकेक विजार घडी घालून आत ठेवू लागली. या वेळी न झटकता. ढीग संपला. सदरे त्यावर ठेवून तिने झाकणाला हात घातला.

“थांब,” सासरे म्हणाले. “जागा आहे का थोडी?”

“आहे ना, बाबा.”

त्यांनी हातातला तुकडा बॅगेच्या कोपऱ्यात ठेवला. मग, भिंतीकडे पाहत, पलंगावरची उशी उचलली. खाली तशाच शिवलेल्या घड्या रचलेल्या होत्या.

“अजून आहेत,” ते म्हणाले.