नऊ देवमासे

सासूबाईंनी गोधडीचा वरचा पदर झटकला आणि पलंगावर पसरला. एवढी मोठी सपाट जागा घरात पलंगाचीच होती, आणि पलंगावर सून होती. मग काय, सुनेसकट पसरला.

पिवळंधमक कापड. त्यावर ताटाएवढे निळे देवमासे, प्रत्येकाच्या डोक्यावर लाल छत्री. मुलाने आणलं होतं, तेही पसंत करून. जन्मभर पाण्यात राहणाऱ्याला छत्री कशाला, हे सासूबाईंनी त्याला विचारून घेतलं होतं. तो हसला आणि कामावर निघून गेला. निस्तरायचं कुणी, तर यांनी.

असलं बोलकं कापड ऐऱ्यागैऱ्याला झेपत नाही. नेहमीसारखे चार-चार बोटांचे चौकोन कापले असते तर कुणाचं शेपूट इकडे, कुणाचं डोकं तिकडे, नुसता खाटीकखाना झाला असता. सासूबाईंनी एकेक मासा अख्खा राखला. नऊच्या नऊ चौकोन. मध्ये गप्प बसणारी कापडं घातली: आपल्या नवऱ्याचे विटलेले राखाडी सदरे, आणि धुऊन धुऊन पाण्याच्या रंगाची झालेली एक चादर. गळ्याकडे मलमल, टोचू नये म्हणून. पायाकडे मुलाच्या जुन्या पँटींचं जाड कापड, सरकू नये म्हणून. सगळं धावदोऱ्याने जोडून झालं होतं. आता आत भरायचं आणि पक्के टाके घालायचे.

सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी, दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि मान तिरकी करून बघितलं. छत्र्या वर, पोटं खाली, तीन ओळी सरळ रेघेत. दारातून येणारं माणूस क्षणभर बोलायचंच विसरलं असतं.

"आई," उशीवरून सून म्हणाली, "इथून सगळे पोट वर करून पडलेत."

अडीच महिने सून अशीच आडवी होती. पाय जमिनीला लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आधीची दोन पाचव्या महिन्यातच गेली होती. हा सहावा लागला होता, आणि घरात कुणी मोठ्याने महिने मोजत नव्हतं.

मग त्यांनी सुनेला समजावलं. गोधडी ही बघणाऱ्याकडून सुलट लावायची असते, आजवर अशीच लावली, कुणाची तक्रार आली नाही. सून म्हणाली, मग नुसती फिरवून घेऊ. फिरव, सासूबाई म्हणाल्या, म्हणजे नवऱ्याची पँट हनुवटीखाली घेऊन नीज. सुनेला हसू आलं, पण जपून. हल्ली ती हसायचीसुद्धा जपून.

"आणि झोपणारा डोळे मिटतो," सासूबाईंनी शेवटचं सांगितलं. "त्याला काय उलट आणि काय सुलट."

"मी मिटत नाही, आई."

मान फिरवणाऱ्या टेबलपंख्याच्या वाऱ्याने पिवळं कापड काठापासून काठापर्यंत हललं आणि निवलं. पडद्यातून येणारं दुपारचं ऊन त्याच्यावरून गेलं की छतावरही पिवळा उजेड डुचमळायचा. सासूबाईंनी चपला काढल्या. पलंगाला वळसा घालून त्या रिकाम्या बाजूला आल्या, गुडघ्यांना दोन शिव्या हासडल्या आणि सुनेच्या शेजारी आडव्या झाल्या. गोधडीचा पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

बराच वेळ बघत राहिल्या. नऊ पांढरी पोटं. नऊ छत्र्या खाली लोंबणाऱ्या. आणि कुठेही बघावं तर तेच.

एकदा घातलेला टाका उसवायचा नाही, हा त्यांचा बाणा. शेजारणीने चूक दाखवली तर त्या शेजारणीलाच बदलायच्या, टाका नाही.

"कात्री दे," त्या म्हणाल्या.

सुनेने उशाशी हात घालून छोटी कात्री दिली. सासूबाई उशीला टेकून बसल्या आणि पहिल्या माशाचा दोरा ओढला. चौकोन सुटला, फिरवला, परत बसवला. मासा पोहायला लागला. दुसरा फिरवला. सून दोरे गोळा करून मुठीत ठेवत होती. कितवा झाला, हे दोघींनीही विचारलं नाही. कापड हलायचं, निवायचं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी पुसत शीळ घालत होतं, तेही पाण्यातून आल्यासारखं ऐकू येत होतं.

मधल्या ओळीतला मधला मासा नेमका सुनेच्या पोटावर होता. तो त्यांनी सगळ्यांत शेवटी फिरवला, चार कोपऱ्यांना चार टाके घातले, आणि हात काढून घेतला.

मासा हलला.

पंख्याची मान पलीकडे वळली होती. कापडाचे काठ स्वस्थ होते. बाकीचे आठ जागच्या जागी होते. हाच एक डाव्या अंगाने उचलला गेला आणि खाली बसला.

सुनेच्या मुठीतले दोरे गादीवर पडले. तिने सासूबाईंकडे बघितलं, बरोबर बघितलं ना आपण, असं. सासूबाईंनी सुई हातातल्या हातात धरली होती, नेढ्यात दोरा तसाच. त्यांनी ती उशीच्या कडेला टोचून ठेवली. मग पाय लांब केले, पुन्हा आडव्या झाल्या आणि गोधडीचा पदर गळ्यापर्यंत घेतला.

दोघी त्या माशाकडे बघत पडून राहिल्या. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. मासा काही हलेना.

"हलेल परत," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आपल्याला कुठे जायचंय?"