खालचा ठेका

"अजून जरा मागे टेका. हं, आता बरोबर मधोमध आलात," लिफ्टवाला म्हणाला आणि त्याने मावशींची खुर्ची दोन बोटं डावीकडे सरकवली.

वरच्या मजल्यावरच्या मावशी आज पहिल्यांदाच त्याच्या घरी आल्या होत्या. त्यांना दारात पाहून त्याने आधी माफीचीच तयारी केली होती. इतकी वर्षं त्यांच्या पायाखाली हा गाण्यांचा सेट दणाणत होता, तक्रार कधीतरी येणारच होती. पण मावशी म्हणाल्या, "तुमचं ते गाणं एकदा ऐकायचंय." मग काय, स्वारी हवेत! दोन उभे स्पीकर आणि जमिनीवरचा तो बासचा मोठा खोका, सगळं त्याने दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून आल्यावर स्वतःच्या हातांनी जुळवलं होतं. दिवाणखाना त्यातच गेला. बायको त्या सेटला सवत म्हणायची, आणि हौसेने ऐकायला बोलावलेले मित्र गाणं अर्ध्यावर यायच्या आत गप्पांना लागायचे. शेवटपर्यंत ऐकणारा माणूस त्याला अजून भेटायचा होता.

त्याने आपलं सगळ्यात लाडकं गाणं लावलं आणि मावशींच्या चेहऱ्याकडे बघत बसला. बासरी आली. गाणाऱ्या बाईने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. मावशी शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

"कसं वाटलं?"

"छान आहे हो." मावशींचा चेहरा मात्र उतरला होता. "पण आमचं हे नव्हे."

"तुमचं कुठलं?"

"आमच्याकडे वर नुसता ठेका येतो. धूम, धूम, मध्येच थांबतो, की परत धूम. गाणं काही पोचत नाही. नात रडायची ना, तेव्हा त्या ठेक्यावर मीच एक गाणं बसवलं. त्याच्यावरच झोपायची पोर. आता गेली आईबापांबरोबर लांब राहायला. म्हटलं, खरं गाणं कसं आहे ते तरी ऐकावं."

ज्या बासरीसाठी लिफ्टवाल्याने रात्रीचा दिवस केला, ती वर कधी पोचलीच नव्हती. तो उठला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही उभ्या स्पीकरच्या वायरी त्याने काढून टाकल्या. फार जिवावर आलं. मग तेच गाणं त्याने पुन्हा लावलं. आता फक्त खोका वाजत होता. धूम, धूम.

"आता म्हणा."

"अगंबाई! इथे?"

"मग कुठे? म्हणा हो."

मावशींनी डोळे मिटले.

"निजले कपडे दोरीवरती, निजले जोडे दारी..."

ठेका थांबला तशा त्याही थांबल्या आणि तो परत येताच बरोबर त्याच्यावर उतरल्या. खोका आपण बांधला आणि त्याच्यावर कुणीतरी अख्खं गाणं बांधलं, या विचाराने लिफ्टवाल्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली. लग्नापासून आजवर "आवाज कमी करा" याखेरीज त्या सेटबद्दल ती काही बोलली नव्हती.

"अहो, हे कुठलं लावलंत? जरा मोठं करा की!"

"मोठं नाही होत हे!" लिफ्टवाला छाती काढून ओरडला. "ऐकायचं असेल तर इथे येऊन बस."